पांढरी तीन

विश्वामित्री नदी घरातून परत जाताना जो वास मागे ठेवते, तो वर्षभर नाकातून जात नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जन्माष्टमीच्या सुमारास ती पुन्हा बडोद्यात शिरली. धोक्याची पातळी २५ फुटांची, पाणी ३५ च्या वर. आमच्या जुन्या बँडच्या गिटारवाल्याचं तळमजल्याचं घर समा भागात आहे. पाणी ओसरल्यावर मी घमेलं, फावडं आणि फिनेलची बाटली घेऊन तिथे पोचलो, तर दारात आमचा ड्रमर आधीच उभा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. किती वर्षांनी समोरासमोर आलो याचा हिशेब कोणी काढला नाही. "चाल, फ्रीजला हात लाव," एवढंच तो म्हणाला.

दुपारी दादा आला. दादा म्हणजे आमचा गायक. वयाने दोनच वर्षं मोठा, पण दांडिया बाजारातल्या वाडीत ज्याला एकदा दादा म्हटलं तो जन्मभर दादा. त्याने खराटा उचलला आणि कोपऱ्यातला चिखल ओढायला लागला.

संध्याकाळपर्यंत चौघांनी अख्खं घर उपसलं. गाद्या, पुस्तकं, मुलीच्या लहानपणीचे फोटो, सगळं रस्त्यावरच्या ढिगात गेलं. त्या आठवड्यात शहरात गल्लोगल्ली असेच ढीग होते आणि गणपती दहा दिवसांवर आले होते. लाकडी कपाटाचा खालचा खण फुगून घट्ट बसला होता. तो पहार लावून उघडला तेव्हा गाळात वीसेक कॅसेटी निघाल्या. गिटारवाला त्यातली एकच शोधत होता. तिच्यावरचं नाव धुऊन गेलं होतं, पण कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका शाबूत होता. ही मूळ कॅसेट, हिच्यावर काही भरायचं नाही, अशी त्याच्या बहिणीने तेव्हा केलेली खूण.

ती मी घरी नेली. मी वीजखात्यातला माणूस; सबस्टेशनच्या बॅटऱ्यांना डिस्टिल्ड वॉटर लागतं, त्यामुळे ते चांगलं कुठे मिळतं हे मला ठाऊक. पाच लिटरचा कॅन आणला. कॅसेटचे पाच स्क्रू काढले, आतली दोन्ही चकरं फितीसकट उचलून ताटात ठेवली आणि गाळ निघेपर्यंत पाणी बदलत राहिलो. ६० मिनिटांच्या कॅसेटीत साधारण ९० मीटर फीत असते. ती चष्मा पुसायच्या कापडाच्या घडीतून, पेन्सिलीवर फिरवत, वीतवीतभर नव्या खोक्यात गुंडाळली. तीन संध्याकाळी लागल्या. मध्येच तपकिरी किनार दिसायची आणि मी श्वास धरून बसायचो. २७ वर्षांपूर्वीची ती एक रात्र माझ्या अंगठ्याखालून सरकत होती.

आमचा बँड वाडीच्या गणपतीत जन्मला. एकांकिका संपून बक्षीस समारंभ सुरू होईपर्यंत पंधरा मिनिटं मोकळी होती, ती आम्हाला मिळाली. एक गिटार, एक बेस, ड्रम्सच्या नावाखाली दोन तासे आणि एक झांज, आणि दादा. दादा त्याआधी तीन वर्षं कंठसंगीत शिकला होता. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती जी गायनशाळा सोपवली, ती आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी म्हणून सुरसागरसमोर उभी आहे. तिथलाच तो विद्यार्थी. फैयाज खाँसाहेब ज्या गावात राहिले त्या गावातला मुलगा माईक तोंडाशी धरून ओरडतो, याचं त्याच्या गुरुजींना फार वाईट वाटलं होतं. पण दादा ओरडत नव्हता. तो सूर लावत होता. वरच्या सप्तकात जाऊन थांबायचा आणि तिथे हलायचा नाही.

आधी आम्ही इंग्रजी गाणी वाजवली, मग स्वतःची मराठी. बडोद्याची मराठी, गुजराती हेल असलेली. त्या गाण्यांची कॅसेट घेऊन आम्ही मुंबईला एका कंपनीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी दीड गाणं ऐकलं, "ही मराठी कुठली?" असं विचारलं आणि कॅसेट परत दिली. त्या प्रश्नाचा राग मला अजून येतो. गायकवाडांबरोबर आलेली मराठी बडोद्यात जवळजवळ तीनशे वर्षं नांदते आहे. ती कुठली, हे आम्ही कोणाला सांगत बसायचं?

कॅसेट रावपुऱ्यातल्या एका तळमजल्याच्या खोलीत एका रात्रीत झाली. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, सहा माईक, एक छोटा मिक्सर आणि तिथून तार सरळ कॅसेट डेकमध्ये. चूक झाली की अख्खं गाणं पुन्हा. पहाटे चारला तिथेच, त्याच डेकवर आम्ही सगळं ऐकलं. अगदी जसं वाजवलं तसं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोनशे प्रती काढल्या आणि त्या कॉलेजात हातोहात गेल्या. पण प्रतींवर गाणी आणखीच लखलखीत वाटत होती. लय चढी, गिटार चपळ, आणि दादाचा तो वरचा सूर सुईसारखा बारीक, धारदार. आम्ही खूश. त्या रात्री आपण अंगात आल्यासारखे वाजवलं, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. ट्यूनर आमच्याकडे नव्हता. गिटारवाला कानाने तारा लावायचा आणि आम्ही त्याला जुळवून घ्यायचो. लोकांना कॅसेटसारखंच हवं असायचं, म्हणून त्याने कार्यक्रमांना कॅसेट लावून तिच्याशी तारा मिळवायला सुरुवात केली. तारा वर चढल्या. लय वर चढली. दादाही वर चढला, जमेल तितके दिवस.

मग विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला त्याचा सूर फाटला. पुढच्या गाण्यालाही फाटला. खाली उतरल्यावर ड्रमर म्हणाला, "कॅसेटमध्ये तर लागतो. इथे का लागत नाही?"

वाक्य एवढंच. रागातही नव्हतं. मी तिथेच बेसची तार सैल करत बसलो होतो आणि मी काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दादा आला नाही, नंतरही नाही. पुढे मला कळलं की तो रात्री घरी दार लावून कॅसेटबरोबर गाऊन बघायचा आणि दर वेळी तो सूर हातभर वर राहायचा. आपला आवाज गेला, असं त्याने धरून घेतलं. वाडीच्या गणपतीच्या आरतीत तो टाळ वाजवायचा, तोंड मिटून. हे मी २७ वर्षं पाहिलं.

धुतलेली कॅसेट चौघांनी माझ्या घरी ऐकली. दोन ठिकाणी आवाज बुडत होता, बाकी सगळं वाचलं होतं. ड्रमरने टेपकडे पाहत, दादाकडे न पाहता म्हटलं, "तू येणार असशील तर मी येतो. नाहीतर नाही." दादा म्हणाला, "मी येतो. गाईन की नाही ते बघू." अल्बम करायचं त्या संध्याकाळी ठरलं. पाच जुनी गाणी, तीन नवी.

तुटलेल्या बँडने पुन्हा स्टुडिओत जाणं म्हणजे काय, याचा मी तेव्हा पुष्कळ विचार केला. आमच्या भिंतीवर ज्यांची चित्रं होती त्यांच्यापासून सुरुवात केली. डीप पर्पलमधून इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर १९७३ मध्ये बाहेर पडले, १९७६ मध्ये बँडच मोडला आणि १९८४ मध्ये तेच जुने पाचजण एकत्र बसून 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' घेऊन आले. ईगल्स १९८० मध्ये फुटले, १९९४ मध्ये मंचावर परतले, पण नव्या गाण्यांचा पूर्ण अल्बम यायला २००७ उजाडलं. आधीच्या अल्बमनंतर तब्बल २८ वर्षं. मंचावर परतणं आणि स्टुडिओत परतणं यांत तेरा वर्षांचं अंतर! मला ते पटतं. मंचावर निम्मं गाणं समोरची माणसं गातात, त्यांना तुमच्याबरोबर स्वतःचं तरुणपणही ऐकू येत असतं. स्टुडिओत हेडफोन लावले की फक्त तुम्ही असता. आपल्याकडे मुंबईच्या इंडस क्रीडने हे करून दाखवलं. १९८४ मध्ये रॉक मशीन म्हणून सुरू झालेला हा बँड १९९७ मध्ये थांबला, म्हणजे आमच्याच वर्षी. २०१० मध्ये ते पुन्हा उभे राहिले, बेसला आणि ड्रम्सला नवी माणसं घेऊन, आणि २०१२ मध्ये त्यांचा नवा अल्बम आला. जुनीच गाणी वाजवत फिरले असते तरी लोक आले असते. तसं न करता ते नव्या गाण्यांना बसले, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे.

तालमी दर रविवारी मकरपुऱ्याला, गिटारवाल्याच्या वर्कशॉपमध्ये, लेथ झाकून. दादा स्टुलावर बसून गुणगुणायचा. मोकळा आवाज लावायचा नाही.

रेकॉर्डिंग अकोट्याकडच्या एका लहान स्टुडिओत सुरू झालं. तिथे गिटारवाल्याची मुलगीच साउंड इंजिनिअर आहे, हे आमचं भाग्य. मला ती काका म्हणते, वडिलांना मात्र स्टुडिओत नावाने हाक मारते. तिथे ते वडील नाहीत, तिच्यासमोर बसलेले वादक आहेत. मला ते आवडलं.

सगळ्यात आधी ड्रम्स. कानात क्लिक, म्हणजे यंत्राची एकसारख्या लयीची टिकटिक, ठेवून वाजवायचं, म्हणजे पुढे त्यावर बाकीची वाद्यं एकेक करून चढवता येतात. इथेच गाडी अडली. आमच्या ड्रमरने इतकी वर्षं रॉक वाजवलाच नाही. त्याने गरबा वाजवला. बडोद्यात ज्याच्या हातात ताल आहे त्याचं वर्ष नवरात्रीवर उभं असतं. नऊ रात्री, मैदानावर हजारो पावलं, समोर ऑक्टोपॅड, बाजूला ढोल. हिंचचा सहा मात्रांचा ठेका तो झोपेतही सोडत नाही. आणि गरब्यात लय एका जागी थांबत नाही. रात्र चढते तशी ती चढवावी लागते, पण इतकी हळूहळू की नाचणाऱ्याला कळू नये. हे कसब यंत्राकडे नाही. क्लिक कानात टिकटिकायला लागली की त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. "ही बाई ऐकतच नाही माझं," तो म्हणाला. शेवटी मुलीनेच तोड काढली: क्लिक फक्त माझ्या कानात, आणि त्याच्या कानात फक्त माझा बेस. मी यंत्राला धरून राहायचं, त्याने मला. पहिल्याच टेकमध्ये तो हसला. त्याच्या उजव्या पायात आता जो झोका आहे तो कॅसेटच्या वेळी नव्हता. तेव्हा तो धावायचा. आता चालतो, आणि चालताना जमीन दाबतो.

ते जुनं गाणं, ज्यात दादाचा सूर आहे, आम्ही मागे ठेवत होतो. एका संध्याकाळी मुलीने तुलनेसाठी कॅसेटवरचं गाणं कॉम्प्युटरवर घेतलं आणि त्यातली खरखर काढायला बसली. पडद्यावर आवाजाची उभी-आडवी नक्षी, डावीकडे तळाशी एक बारीक उंच रेघ.

"काका, ही विजेची घूं ना? काढते."

मी वाकून पाहिलं. अँप्लिफायरमधून येणारी मेनची घूं, तीच ती. रेघेवर माऊस नेला की आकडा दिसत होता: ५२.८. आणि तिच्या दुप्पट ठिकाणी, १०५.६ ला, दुसरी रेघ.

माझ्या नोकरीला २६ वर्षं झाली. विजेची फ्रीक्वेन्सी म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, ५० हर्ट्झ. हा आकडा मी रोज बघतो, सणासुदीलाही. आज ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात राखायची असते. पूर्वी अशी शिस्त नव्हती. संध्याकाळी भार वाढला की ४९ च्या खाली जायची, रात्री उतरला की वर यायची. पण ५२.८? असं झालं असतं तर जनित्रं धडाधड सुटली असती आणि अख्खा पश्चिम भाग अंधारात गेला असता. त्या रात्री आमचे दिवे तर चालू होते.

"हे गाणं जरा हळू कर," मी म्हणालो. "ही रेघ ५० वर येईपर्यंत."

तिने केलं. गिटारवाला मागे कोचावर बसला होता, गिटार मांडीवर. सुरुवातीचा तुकडा वाजला आणि त्याचा हात आपोआप तारांवर गेला. तो तुकडा सहावी तार मोकळी सोडून वाजतो, बोटांना दुसरी जागाच नाही. आजवर कॅसेटबरोबर वाजवायचं म्हटलं की त्याला तारा चढवाव्या लागत. आता न चढवता, आहे तशी गिटार कॅसेटमधल्या गिटारला जाऊन मिळाली. तो उठून उभा राहिला.

कारण साधं होतं. रावपुऱ्यातल्या त्या डेकचा रबरी पट्टा सैल पडलेला असणार. रेकॉर्ड करताना फीत हळू सरकली, म्हणून नीट चालणाऱ्या कुठल्याही यंत्रावर ती पळते. पहाटे चारला आम्ही त्याच डेकवर ऐकलं होतं, हळू भरलेलं हळूच वाजलं, तेव्हा सगळं बरोबर होतं. बाहेर गेलेल्या दोनशे प्रती मात्र जवळजवळ अर्धा सूर वर पळत होत्या. मिनिटाला १२५ ठोक्यांच्या आसपासची लय १३२ झाली होती. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनमधलं गाणं पांढरी चारमध्ये जाऊन बसलं होतं.

दादाला फोन केला. तो येईपर्यंत कोणी चहासुद्धा प्यायला नाही. हळू केलेलं गाणं त्याला ऐकवलं. सुईसारखा तो बारीक आवाज आता भरदार झाला होता, त्याला खालून आधार आला होता, आणि वरचा तो सूर लावताना मध्ये घेतलेला श्वासही ऐकू येत होता. दादाने ते तीनदा ऐकलं.

"म्हणजे तेव्हाही माझा आवाज एवढाच होता," तो म्हणाला.

या वाक्यात सुटका होती, पण नुसती सुटका नव्हती. ज्या सुराने त्याला २७ वर्षं गप्प बसवलं तो त्याने कधी लावलाच नव्हता. आणि कॉलेजातली मुलं ज्या सुरासाठी वेडी झाली, तोही त्याचा नव्हता. दोन्ही एकाच वेळी गेलं. ड्रमर त्याच्याशेजारी जाऊन बसला आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ तसाच बसला. त्याने माफी मागितली की नाही हे मला ऐकू आलं नाही. मी माझी मागितली, दुसऱ्या दिवशी, एकटं गाठून. दादा म्हणाला, "तू तर बोललाच नव्हतास." मी म्हटलं, तेच.

गिटारवाल्याला मात्र हा शोध आवडला नाही, आणि त्याचं दुःखही मला खरं वाटतं. त्या गाण्यातला त्याचा सोलो बडोद्यातल्या कितीतरी पोरांनी कॅसेट मागेपुढे करून बसवला होता. तो हळू केल्यावर त्यातली वीज उतरली. दोन ठिकाणी बोट अडखळलेलं आता स्पष्ट दिसत होतं. "ती पोरं ज्याच्यामागे लागली तो मी नव्हतोच का?" असं म्हणून तो गच्चीत जाऊन उभा राहिला. त्याचं म्हणणं, गाणं चढंच ठेवू, लोकांना तेच माहीत आहे. दोन दिवस यावर वाद झाला. मी पांढरी तीनच्या बाजूने भांडलो आणि आजही भांडेन. जुन्या बँडांनी वय झाल्यावर गाण्याची पट्टी अर्धा सूर, एक सूर उतरवणं यात काही नवल नाही, लाजही नाही. पण आम्हाला उतरवायची नव्हती. आम्हाला गाणं जिथे बांधलं होतं तिथे परत न्यायचं होतं.

अखेर त्यानेच सोलो नवा बांधला. कमी सूर, लांब धरलेले, मधल्या जागा मोकळ्या. मला तो जुन्याहून आवडतो. त्याला अजून नाही.

टेक रविवारी रात्री झाला. बाकी गाणी तुकड्यातुकड्याने केली होती, हे चौघांनी एकत्र उभं राहून, क्लिक कोणाच्याच कानात न ठेवता. दादा काचेच्या खोलीत, चपला बाहेर काढून. पहिलं कडवं तो जपून गायला. दुसऱ्यात आवाज मोकळा झाला. त्या जागेजवळ आलो तेव्हा ड्रमरने लय किंचित वर घेतली, गरब्यात घेतो तशी, कळू न देता, आणि दादा त्या चढावरून सुरावर गेला आणि थांबला. हलला नाही. मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं, नाहीतर माझा हात चुकला असता. नंतर मुलीने मोजलं: १२५ ला सुरू झालेलं गाणं १२९ ला संपलं होतं. "सरळ करू?" असं तिने विचारलं आणि चौघेही एकदम नाही म्हणालो. बाहेर पडलो तेव्हा दीड वाजला होता. एक सेव-उसळवाला अजून चालू होता. दादाने तर्री दोनदा मागून घेतली.

अल्बम पुरा झाला आहे. त्याची एकच कॅसेट काढायची ठरली, दादाच्या आईसाठी. वय ८४, मोबाईलवर गाणी ऐकणं त्यांना जमत नाही, पण उशाशी जुना टेपरेकॉर्डर आहे. दादा ज्याच्याबरोबर दार लावून गाऊन बघायचा तोच. कॅसेट देण्याआधी मी तो उघडला. पट्टा नवा घातला. ३१५० हर्ट्झचा एकच सूर भरलेली चाचणीची कॅसेट मुलीने दिली होती, ती लावली आणि मोबाईल स्पीकरशी धरला. आकडा आला ३२१०. म्हणजे हाही पळतच होता. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं आणि आत एक इवलासा स्क्रू. तो केसभर डावीकडे वळवला. ३१८०. आणखी केसभर. खोलीभर तो एकच सूर वाजत होता आणि काकू पलंगावर बसून विचारत होत्या, "हेच का रे तुमचं गाणं?" दादा हसला. ३१५० आलं तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला, झाकण लावलं आणि प्लेचं बटण त्यांच्याकडे वळवून दिलं.